भागात तेढ निर्माण होते तेव्हा: स्थानिक पुढारी आणि कार्यकर्त्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडून आलेले सदस्य, वस्तीतले जुने कार्यकर्ते, मुख्याध्यापक, प्रार्थनास्थळांचे विश्वस्त, व्यापारी संघटनांचे पदाधिकारी: वातावरण तापलं की लोक ज्यांच्या दाराशी येतात, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. तणावाच्या रात्री उपयोगी पडतं ते बहुतेक सगळं आधीच्या शांत महिन्यांत उभं केलेलं असतं. म्हणून बरेच प्रश्न तयारीचेच आहेत.

प्रत्येक वादाकडे धोका म्हणून बघायचं का?

नाही. पाणी, रस्ता, जागा, निधी यांवरून माणसं भांडणारच, आणि ती भांडणं उघडपणे व्हायला हवीत. मुद्द्यावरचा वाद माणसावर आणि माणसावरून अख्ख्या समूहावर सरकायला लागला की सावध व्हायचं. हे बोलण्यात आधी ऐकू येतं. कालपर्यंत 'त्याने असं केलं' म्हणणारा माणूस आज 'ते लोक असेच' म्हणतो. अशा वाक्यांकडे दुर्लक्ष करू नका.

सगळं शांत असताना हा विषय काढला तर लोक म्हणतात, 'नसती भीती पसरवताय'. मग सुरुवात कशी करायची?

पूर, आग, अपघात आणि तणाव अशी एकत्रित आपत्कालीन तयारी म्हणून सुरुवात करा. फोनची यादी, एकत्र जमायची जागा, निरोप पोचवायची साखळी या गोष्टी सगळ्यालाच लागतात.

पण खरं पहिलं काम वेगळं आहे: प्रलंबित तक्रारींची यादी. अमेरिकेत 1967 मध्ये अनेक शहरांत उसळलेल्या दंगलींची चौकशी कर्नर आयोगाने केली. 1968 च्या त्याच्या अहवालात एक गोष्ट ठळकपणे येते. शेवटची ठिणगी बहुधा रोजच्या पोलिस कारवाईसारखी साधी घटना असायची, पण तिच्या आधी कित्येक आठवडे, महिने तणाव वाढवणाऱ्या घटना एकामागून एक घडत आलेल्या असायच्या. ठिणगी कुठे पडेल ते सांगता येत नाही. वाळलेलं गवत मात्र दिसत असतं.

दोन तास बसून वही करा. प्रत्येक तक्रारीपुढे चार रकाने ठेवा: कोणाची, किती दिवसांपासून, कोणत्या टेबलावर अडकली, शेवटचं उत्तर कधी दिलं. चौथा रकाना रिकामा राहिलेल्या तक्रारी आधी हाती घ्या. 'होणार नाही, कारण हे' असं उत्तर दिलं तरी माणूस चिडून का होईना, मोकळा होतो. उत्तरच न मिळणं मात्र मनात साचत जातं.

संपर्कयादी प्रत्येकाकडे असते. ऐन वेळी ती कामाला का येत नाही?

कारण तिच्यात पदं असतात, माणसं नसतात. रात्री अकराला चौकात जमलेल्या पोरांना घरी जायला सांगू शकेल असा माणूस बहुतेक वेळा कोणत्याच समितीवर नसतो. तो व्यायामशाळा चालवतो, रिक्षाथांब्यावर बसतो किंवा पोरांना खेळ शिकवतो. यादी करताना प्रत्येक गल्लीत एकच प्रश्न विचारा: 'तुमची मुलं कोणाचं ऐकतात?' तीन वेगवेगळ्या घरांतून एकच नाव आलं, तर ते यादीत घ्या.

एका भागासाठी 30 ते 40 नावं पुरतात. त्याहून मोठी यादी कोणी अद्ययावत ठेवत नाही. प्रत्येक नावापुढे दोन नंबर हवेत, त्यातला एक घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा. तो माणूस गावाला गेला असेल तर त्याच्या जागी कोण, हेही लिहून ठेवा. किमान एक तृतीयांश बायका असाव्यात, कारण घरातून कोण, कशासाठी बाहेर पडलंय हे त्यांना आधी कळतं. यादी कागदावर छापून पाच जणांकडे ठेवा. नेट बंद झालं किंवा फोनची बॅटरी संपली की मोबाइलमधली यादी नसल्यासारखीच.

दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला फोन करा, कामासाठी नव्हे, ख्यालीखुशालीसाठी. पहिलाच फोन संकटात गेला तर समोरचा माणूस आधी तुमचा हेतू तपासत बसतो, आणि त्यात वेळ जातो.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचं उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे दोन समाजांच्या वस्त्यांमधल्या भिंतींच्या दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना मोबाइल फोन दिले गेले. पलीकडून दगड आला की इकडचा कार्यकर्ता थेट तिकडच्याला फोन करायचा, आणि तो आपल्या बाजूच्या मुलांना आवरायचा. प्रत्येकाने आवरायचं ते आपल्याच माणसांना. दुसऱ्या बाजूच्या पोरांना दटावायला गेलेला भला माणूस बहुधा भडका वाढवून परत येतो.

शांतता समितीत कोणाला घ्यावं? आमच्याकडे समिती आहे, पण ती फक्त फोटोपुरती.

ही तक्रार फार ठिकाणी ऐकू येते, आणि कारणं ठरलेली असतात: तेच चेहरे, पंधरा वर्षं तेच अध्यक्ष, आणि बैठक फक्त सणाच्या आधी किंवा दगडफेक झाल्यावर.

भिवंडीने 1970 आणि 1984 अशा दोन भीषण दंगली सोसल्या. 1988 पासून तिथे पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी त्यात होते. बैठका नियमित होत आणि त्यात रोजच्या तक्रारी, किरकोळ भांडणं सोडवली जात. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. रोजच्या कुरबुरी सोडवता सोडवता लोकांना एकमेकांची सवय झालेली होती.

केनियातल्या वजीर जिल्ह्यातली सुरुवात तर समिती म्हणूनही झाली नव्हती. 1990 च्या दशकाच्या आरंभी तिथे कुळाकुळांत रक्तपात चालू होता. देखा इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या सोबतिणींनी आधी बाजार हाती घेतला. कोणत्याही कुळाच्या बाईला तिथे माल विकता-घेता आला पाहिजे, हे बघण्यासाठी त्यांनी बायकाच निरीक्षक म्हणून नेमल्या. मग त्या वडीलधाऱ्यांकडे, तरुणांकडे आणि सरकारी अधिकाऱ्यांकडे गेल्या. सगळ्यांना रोज लागणारी एक जागा आधी सुरक्षित करायची, ही वाट कुठेही चालते.

समिती 12 ते 15 जणांची असावी. दोन्ही किंवा तिन्ही बाजूंची संख्या समान ठेवा, एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी बदला, आणि बैठक महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी घ्या, विषय असो वा नसो. निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्याला सूत्रं देऊ नका. त्याची नियत साफ असली तरी लोकांना तसं वाटणार नाही.

भडका उडण्याआधी काय दिसतं?

एकमेकांच्या दुकानातून खरेदी थांबते. शाळेत मुलं वेगळी बसायला लागतात. भिंतींवर घोषणा उमटतात, खुणेचे झेंडे नव्या जागी लागतात. बाहेरचे वक्ते अचानक वारंवार येतात. गच्चीवर विटा, बाटल्या जमतात. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे कुटुंबं दोन दिवसांसाठी लेकराबाळांना नातेवाइकांकडे पाठवतात.

एका खुणेवरून धावपळ करू नका. सगळ्या खुणा एका वहीत तारीख, जागा आणि 'स्वतः पाहिलं की ऐकलं' अशा नोंदीसह लिहा. एका आठवड्यात वेगवेगळ्या लोकांकडून तीन नोंदी आल्या की समितीची तातडीची बैठक, हा उंबरठा आधीच ठरवून ठेवा. आधी ठरलेला नसेल तर प्रत्येक वेळी 'आणखी थोडं बघू' असंच होतं. या वहीत व्यक्तींवर पाळत ठेवू नका. घटना लिहा. वही फुटली आणि तिच्यात नावं सापडली, तर तीच नव्या भांडणाचं कारण होईल.

घटना घडली. पहिल्या काही तासांत नेमकं काय करायचं?

पहिली पंधरा मिनिटं: जखमींना मदत मिळाली का हे बघा आणि पोलिसांना कळवा. जिथे हत्यारं, आग किंवा जमाव आहे तिथे स्वतः मध्ये पडू नका.

पहिला तास: तीन स्वतंत्र ठिकाणांहून माहिती घ्या. प्रत्यक्ष पाहणारा, रुग्णालय आणि पोलिस, असे तीन. दोन्ही बाजूंच्या प्रमुख माणसांना एकाच अर्ध्या तासात फोन करा. एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला दोन तासांनी फोन केला, तर पुढे कितीही निःपक्षपणे वागलात तरी तो क्रम विसरला जात नाही.

दुसरा ते चौथा तास: पहिलं निवेदन काढा. कार्यकर्त्यांच्या जोड्या करून चौकांत, नाक्यांवर उभ्या करा, प्रत्येक जोडीत दोन्ही बाजूंचा एकेक. त्यांनी भाषण द्यायचं नाही. उभं राहायचं, ओळखीच्या मुलांना नावाने हाक मारायची, बोलत बोलत घराकडे वळवायचं. गर्दीत कोणी आपल्याला ओळखत नाही या भरवशावर माणूस दगड उचलतो. नाव घेतलं की तो भरवसा तुटतो.

पहिली रात्र: सूड घेतला जाण्याचा धोका जखमीच्या मित्रांकडून सगळ्यात जास्त असतो. रुग्णालयाबाहेर आणि जखमीच्या घरी कुटुंबाच्या विश्वासातला माणूस रात्रभर ठेवा. हे काम राहून जातं, कारण सगळे घटनास्थळी धावलेले असतात. अंत्ययात्रा असेल तर तिचा मार्ग आणि वेळ कुटुंबाशी बोलून त्याच रात्री ठरवा.

दोन्हीकडच्या जखमींना भेटा, शक्यतो एकाच दिवशी. सोबत कॅमेरा नको.

पहिल्या निवेदनात काय लिहावं?

सहा-सात ओळी पुरतात. नमुना असा:

'आज संध्याकाळी 6 च्या सुमारास बसथांब्याजवळ दोन तरुणांमध्ये मारामारी झाली. दोघे जखमी असून दोघांवरही उपचार सुरू आहेत. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली आहे. भांडणाचं कारण अजून स्पष्ट झालेलं नाही. पुढची माहिती रात्री 9 वाजता याच ठिकाणी देऊ, नवीन काही नसलं तरी. काही विचारायचं असल्यास खालील नंबरवर फोन करा.'

खाली दोन्ही बाजूंच्या मान्यवर व्यक्तींची नावं एकत्र. 'नवीन काही नसलं तरी' हे शब्द गाळू नका, आणि 9 वाजता खरोखर बोला. ती वेळ चुकली की मोकळी जागा अफवा भरून काढतात.

'किरकोळ घटना' असं लिहू नका, जखमीच्या आईसाठी ती किरकोळ नसते. तपासाआधी 'कट', 'पूर्वनियोजित' असे शब्द वापरू नका. परिस्थिती नियंत्रणात नसताना ती आहे असं म्हणू नका. लोक खिडकीतून बघत असतात.

अफवा कशी थांबवायची?

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये मांडलेलं सूत्र आजही कामाचं आहे: विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. विषयाचं महत्त्व तुमच्या हातात नसतं, धूसरपणा कमी करणं असतं. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' या आवाहनाने धूसरपणा कणभरही कमी होत नाही. शिकागोत 1967 मध्ये अफवांची शहानिशा करणारं केंद्रच सुरू झालं. लोक फोन करून विचारत, केंद्र पडताळून सांगे. एक नंबर, पाळीने बसणारी चार माणसं आणि एक नोंदवही, एवढ्यावर असं केंद्र कोणत्याही भागात चालू शकतं.

फोन उचलणाऱ्याने काय विचारायचं, ते पाहा. रात्री साडेनऊला फोन येतो: 'ताई, चौकात आपल्या पोराला मारलंय म्हणे. सगळे तिकडेच निघालेत.'

'तू स्वतः बघितलंस, की कोणी सांगितलं?'

'ग्रुपवर आलंय.'

'कोणी टाकलं? त्याने बघितलंय का? पोराचं नाव काय? आत्ता तो कुठे आहे? दहा मिनिटं थांब, मी विचारून परत फोन करते. तोवर पुढे पाठवू नकोस.'

मग चौकातल्या जोडीला फोन, खातरजमा, आणि दहाव्या मिनिटाला परतफोन. उत्तर मिळालं नसेल तरी दहाव्या मिनिटाला परतफोन करायचाच.

व्हॉट्सअॅपवर दुहेरी बाण दिसत असेल तर तो संदेश अनेक हातांतून आलेला आहे आणि पाठवणाऱ्याला मूळ घटना माहीत असण्याची शक्यता कमी. जुने व्हिडिओ नव्या नावाने फिरतात. पाट्या, गाड्यांचे नंबर, पाऊस की ऊन, कपडे यांवरून ते बरेचदा उघडे पडतात. खुलासा करताना आधी खरं काय ते सांगा, मग चूक काय हे एका ओळीत, आणि पुन्हा खरं. खोटा फोटो मोठ्या अक्षरांत 'खोटं' लिहून फिरवला तरी फोटो लक्षात राहतो, अक्षरं विसरली जातात. आणि खुलासा त्याच ग्रुपवर, त्या लोकांच्या विश्वासातल्या माणसाकडून जाऊ द्या.

मोर्चा किंवा मिरवणूक दुसऱ्या वस्तीतून जाणार असेल तर?

वेळ हाच इथे सगळ्यात मोठा आधार. उत्तर आयर्लंडमध्ये 1998 च्या कायद्याने मिरवणुकीची सूचना साधारणपणे 28 दिवस आधी आणि तिच्या विरोधातल्या निदर्शनांची 14 दिवस आधी द्यावी लागते. कायदा असो नसो, तुमच्या भागात एवढी मुदत परस्परसंमतीने ठरवा.

आयोजकांसोबत मार्ग पायी चाला, त्याच वारी आणि त्याच वेळी. अरुंद वळण, बांधकामाचा राडारोडा, पार्क केलेल्या गाड्या, प्रार्थनेची वेळ, दारूचं दुकान यांची नोंद करा. राडारोडा आधल्या दिवशी हलवा. मिरवणूक कुठे थांबणार नाही, हे लेखी ठरवा. भांडणं चालत्या मिरवणुकीपेक्षा थांबलेल्या मिरवणुकीत जास्त होतात. आयोजकांचे स्वयंसेवक किमान 50 माणसांमागे एक, ओळखू येतील अशा कपड्यांत, आणि सगळ्यात अनुभवी माणसं शेपटीला ठेवा. पुढे नेते असतात, मागे उत्साह.

गर्दीला एकजिनसी समजू नका. चार जणांच्या दगडफेकीसाठी चारशेंवर लाठी चालवली की चारशेही त्या चौघांच्या बाजूला जातात. 2004 मध्ये पोर्तुगालमधल्या युरो फुटबॉल स्पर्धेत पोलिसांनी हे ओळखून साध्या, मैत्रीच्या वावराने सुरुवात केली आणि बळ लागलंच तर फक्त दंगा करणाऱ्यांपुरतं वापरलं. पोलिसांसोबतच्या पूर्वतयारीच्या बैठकीत हा मुद्दा मांडा.

दोन्ही बाजूंना एकत्र कधी बसवायचं?

घाई करू नका. संतापलेल्या पन्नास जणांची 'सर्वपक्षीय बैठक' हा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे. तिथे प्रत्येक जण आपल्या माणसांसाठी बोलतो, समोरच्यासाठी नाही.

आधी वेगळ्या बैठका घ्या, प्रत्येक बाजूच्या किमान दोन. पहिलीत फक्त ऐका आणि लिहून घ्या. दुसरीत मागणीखालची गरज शोधा. समजा भांडण मैदानाचं आहे. 'मैदान आमचंच' यावर तडजोड होत नाही. म्हणून विचारा: 'मैदान मिळालं तर तिथे काय कराल, किती वाजता, किती जण?' मग कळतं की एका गटाला संध्याकाळी सरावाला दोन तास हवेत, आणि दुसऱ्याला आपल्या म्हाताऱ्या माणसांना चेंडूचा मार न बसता चालता यावं, एवढंच हवंय.

एकत्र बैठक तिऱ्हाईत जागी, प्रत्येक बाजूचे पाच-सहा जण, सारख्या खुर्च्या, समोरासमोर रांगा न करता अर्धगोलात. दोन तासांच्या वर नाही. पहिला कोण बोलणार ते नाणेफेकीने ठरवा. सोप्या मुद्द्याने सुरुवात करा, कारण एक 'हो' पदरात पडलं की दुसऱ्याची वाट सुकर होते. मध्यस्थाने दर अर्ध्या तासाने, काय ठरलं ते मोठ्याने वाचावं.

'परस्पर आदर राखू' असं कलम लिहून काही साधत नाही. 'सोमवार ते शनिवार संध्याकाळी 5 ते 7 मैदानाचा उत्तरेकडचा भाग खेळासाठी, कडेची पायवाट चालणाऱ्यांसाठी. जाळी 15 दिवसांत बसेल. देखरेख अमुक दोघांची' असं लिहा. कोण, काय, कधीपर्यंत, कोण तपासणार आणि मोडलं तर काय, ही पाचही उत्तरं त्यात हवीत. सह्या त्याच दिवशी घेऊ नका. प्रतिनिधींना दोन-तीन दिवस द्या, त्यांना हे आपल्या माणसांना पटवायचं असतं. खोलीत झालेले कितीतरी समझोते याच पायरीवर मोडले आहेत.

कोणत्या प्रकरणात मध्यस्थी करूच नये?

बलात्कार, लैंगिक छळ, घरातली मारहाण, मुलांवरचा अत्याचार, खून, जबर दुखापत. ही प्रकरणं 'सामोपचाराने मिटवणं' म्हणजे दुबळ्या बाजूवर दबाव आणणं. तिथे तुमचं काम पीडित व्यक्तीला पोलिस, डॉक्टर आणि वकिलापर्यंत सुरक्षित पोचवण्याचं आहे. एका बाजूची रोजीरोटी दुसरीच्या हातात असेल, तिथेही समोरासमोर बसवू नका. त्या खोलीत मिळालेल्या 'हो'ला अर्थ नसतो.

मी स्वतःच एका बाजूचा आहे. मग?

तसं उघड सांगा आणि मध्यस्थी दुसऱ्याकडे द्या. तुम्ही निरुपयोगी होत नाही. आपल्या बाजूच्या तापट माणसांना आवरणं हे काम तुमच्याइतकं कोणालाच जमणार नाही.

धमक्या येऊ लागल्या तर?

प्रत्येक धमकीची तारीख-वेळेसह नोंद करा, संदेश पुसू नका, तक्रार द्या. एकटं फिरू नका. कार्यकर्त्यांना सलग बारा तासांपेक्षा जास्त रस्त्यावर ठेवू नका. झोप न झालेला माणूस चुकीच्या क्षणी आवाज चढवतो.

शांत झालं. पुढे किती दिवस लक्ष ठेवायचं?

तिसऱ्या दिवशी, तिसाव्या दिवशी, नव्वदाव्या दिवशी आणि वर्षश्राद्धाच्या आठवड्यात समिती बसलीच पाहिजे. भरपाई, जळालेली दुकानं, मुलांची बुडालेली शाळा यांचा हिशेब दर वेळी वाचा. एका बाजूची भरपाई आली आणि दुसरीची अडली, तर कारण लगेच जाहीर करा.

एकत्र जेवण, स्नेहमेळावा घ्यायची घाई करू नका. मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये अमेरिकेत मुलांच्या शिबिरात केलेल्या प्रयोगात, भांडलेल्या दोन गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवल्यावर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडल्यावर तो सगळ्यांनी मिळून सुरू केला, आणि अशा सामाईक कामांनंतर हळूहळू तेढ ओसरली. तुमच्या तक्रारींच्या वहीत दोन्ही वस्त्यांना सारखंच छळणारं एखादं काम नक्की असेल. गटार, दिवे, नळ. तिथून सुरुवात करा.

ठरलेलं कोणी मोडलं तर सगळं संपलं का?

पहिल्या महिन्यात कोणीतरी मोडतंच, बहुधा ज्याला बैठकीला बोलावलं नव्हतं तो. 24 तासांत देखरेखीच्या दोघांनी मिळून त्याच्याकडे जावं, कागद दाखवावा, आणि कागदात त्याची कोणती गरज सुटली ते विचारावं. ती रास्त असेल तर एक कलम वाढवा आणि ते पुन्हा दोन्ही बाजूंना वाचून दाखवा. तोच माणूस दुसऱ्यांदा मोडत असेल तर त्याच्या बाजूच्या प्रतिनिधींनी पुढे व्हावं. समोरच्यांनी त्याच्या दारात जाऊ नये.